अर्ज, करार, बीजक: पदवीच्या मुलांना ऑनलाइन शिकवायचा ३० तासांचा आराखडा. तपासून सुचवण्या द्या

खतावणी (धागा सुरू करणारे)

नमस्कार मंडळी.

नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीला कौशल्याचे २-२ श्रेयांकांचे (क्रेडिटचे) विषय आले आहेत. वाणिज्य आणि कला शाखेच्या दुसऱ्या वर्षासाठी मूडल या ऑनलाइन वर्ग चालवायच्या प्रणालीवर एक अभ्यासक्रम बेतायचा आहे. करार कायदा १८७२ मधली व्याख्या मुलं घडाघडा म्हणतात. पण भाडेकरार पुढ्यात ठेवून 'अनामत परत कधी मिळणार ते दाखव' म्हटलं की पानं उलटत बसतात. म्हणून प्रत्येक घटकाच्या शेवटी मुलाच्या हातात एक पूर्ण कागद असावा, आणि तो खिडकीवर नेला तर परत येऊ नये, एवढीच कसोटी ठेवली आहे.

घटक सहा: माहिती अधिकाराचा अर्ज, ग्रामसभेची नोटीस-ठराव-इतिवृत्त, जीएसटीचं बीजक, भागीदारीपत्र, भाड्याचा लिव्ह अँड लायसन्स करार, ग्राहक आयोगाकडची तक्रार. प्रत्येकाला ५ तास. त्यात ८-८ मिनिटांचे पाच व्हिडिओ (४० मिनिटं), मूळ कायद्याचं वाचन १ तास, मसुदा लिहिणं २ तास, एकमेकांचे मसुदे तपासणं ४० मिनिटं, थेट वर्ग ४० मिनिटं.

अडचणी तीन. ६० मुलं धरली तर ३६० कागद होतात. एकाला ८ मिनिटं म्हणजे ४८ तास नुसती तपासणी. दुसरं, मुलांनी अर्ज खरोखर दाखल करावेत का? तिसरं, घटकांचा क्रम बरोबर आहे का?

जावक_क्रमांक

क्रमात माहिती अधिकार पहिला ठेवलात ते उत्तम. एका पानाचा कागद आहे आणि चूक लगेच दिसते.

महाराष्ट्राचे नियम आणि केंद्राचे नियम वेगवेगळे आहेत, ही गोष्ट पहिल्याच व्हिडिओत ठासून सांगा. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा हवा. केंद्राच्या २०१२ च्या नियमांत मर्यादा ५०० शब्दांची आहे. शुल्क दोन्हीकडे १० रुपयेच, पण केंद्राकडे पोस्टल ऑर्डर चालते आणि आपल्याकडे कोर्ट फी स्टॅम्प चिकटवायची रीत आहे. इंटरनेटवरचे बहुतेक नमुने केंद्राचे असतात. मुलं तेच उतरवतात आणि तलाठी कार्यालयाच्या नावाने पोस्टल ऑर्डर काढून बसतात.

मसुद्यात नेहमीच्या चुका अशा:

'रस्त्याचं काम का रखडलं?' असा प्रश्न. माहिती अधिकारात नोंदीत असलेली माहिती मिळते, अधिकाऱ्याने नव्याने कारण लिहून देणं त्यात बसत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय निकालात हे स्पष्ट केलं आहे. तोच प्रश्न 'कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं आणि मुदतवाढीच्या पत्रांच्या प्रती द्याव्यात' असा मागितला की उत्तर येतं. 'का' काढून 'कोणता कागद' घालणं, हाच या घटकाचा गाभा. त्यासाठी वेगळा सराव ठेवा: दहा 'का'चे प्रश्न द्यायचे आणि प्रत्येकाचं रूपांतर करून घ्यायचं. (याच निकालाने परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला. मुलं एवढं ऐकलं की कान टवकारतात.)

कालावधी न लिहिणं. 'आजपर्यंतची सर्व माहिती' म्हटलं की प्रतींचा खर्च पानाला २ रुपयांनी वाढत जातो. 'दि. १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५' असं लिहायला लावा. कागद फार असतील तर आधी अभिलेख पाहण्याची मागणी करून हवी तेवढीच पानं घ्यावीत.

मुदतींचा हिशेब कॅलेंडरवर करून घ्या. ३० दिवसांत उत्तर. न आल्यास किंवा न पटल्यास ३० दिवसांत पहिलं अपील, आपल्याकडे २० रुपयांच्या कोर्ट फी स्टॅम्पसह. त्यापुढे ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज कलम ६(३) नुसार ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवायची जबाबदारी कार्यालयाची असते. अर्ज परत आला म्हणून मुलाने गप्प बसू नये.

चावडी

खरे अर्ज दाखल करण्याला माझा विरोध आहे. ६० मुलांनी एकाच तहसील कार्यालयात एका आठवड्यात ६० अर्ज टाकले तर एका कारकुनाचा महिना त्यात जाईल, आणि ज्याला खरी गरज आहे त्याचा अर्ज मागे पडेल. त्यापेक्षा माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(१)(ख) घ्या. प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने स्वतःहून प्रसिद्ध करायच्या १७ बाबी तिथे आहेत. मुलाला एक कार्यालय वाटून द्या आणि १७ पैकी किती बाबी संकेतस्थळावर सापडतात, शेवटच्या दुरुस्तीची तारीख कोणती, याचा तक्ता करून घ्या. अर्ज न करताच किती माहिती मिळते ते कळतं. शिवाय 'कर्मचाऱ्यांची कर्तव्ये' आणि 'वेतन' या रकान्यांतून कार्यालय चालतं कसं हेही उमगतं.

जावक_क्रमांक

चावडी, तक्त्याचं पूर्ण पटलं, आराखड्यात पहिल्या तासाला तोच असू द्या. पण अर्ज अजिबात दाखल करायचा नाही हे पटत नाही. पोच घेणं, आवक क्रमांक टिपून ठेवणं, ३० दिवस मोजणं हे कागदावर शिकवता येत नाही. मधला मार्ग: पाच-पाच मुलांचे १२ गट, प्रत्येक गटाचा एकच अर्ज, आणि कार्यालयं वेगवेगळी. राज्याचं माहिती अधिकाराचं ऑनलाइन पोर्टल आहे, तिथून भरला तर पोच आपोआप मिळते. आणि हा घटक पहिलाच असल्यामुळे ३० दिवसांनी आलेलं उत्तर सत्र संपायच्या आत वाचायला मिळेल.

चावडी

१२ अर्ज, १२ कार्यालयं असतील तर हरकत नाही.

ग्रामसभेबद्दल. हा घटक थेट वर्गातच घ्या, व्हिडिओने होणार नाही. ४० मिनिटांत अभिरूप सभा बसते: एक सरपंच, एक सचिव, बाकी मतदार. सुरुवात गणपूर्तीच्या (सभेला लागणाऱ्या किमान हजेरीच्या) गणिताने करा. महाराष्ट्रात एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतला कमी आकडा. ५०० मतदारांच्या गावात ७५, १,२०० मतदारांच्या गावात १५ टक्के १८० येतात म्हणून १००. निम्मी मुलं 'यांतला कमी' हे शब्द वाचतच नाहीत आणि १८० लिहून मोकळी होतात. गणपूर्ती नसेल तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. ही तरतूद समजली की गावोगावी पहिल्या सभेला गर्दी का जमत नाही, यावर वर्गात चांगली चर्चा होते.

ठराव लिहिताना सूचक, अनुमोदक, मतांची संख्या आणि रक्कम हे चारही हवेत. 'पाणीपुरवठ्यावर सखोल चर्चा झाली व योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले' हा ठराव नव्हे. कोणी, काय, कोणत्या निधीतून, किती तारखेपर्यंत, हे नसेल तर गुण शून्य द्या. कडक वाटेल, पण पुढच्या वर्षी त्या ठरावाचा जाब कोणाला विचारायचा हे त्या चार शब्दांवर ठरतं.

दौत

जीएसटीच्या घटकात तरतुदी शिकवू नका, बीजकात काय काय हवं ते सांगणारा नियम ४६ समोर ठेवा आणि चुकलेली बीजकं हाती द्या. बरोबर बीजक भरायला सगळ्यांना जमतं, कारण सॉफ्टवेअर ते करून देतं. चूक शोधायला डोकं लागतं. आठ बीजकं, प्रत्येकात दोन चुका, अशी मालिका करा. कामाला येणाऱ्या चुका:

बीजक क्रमांक १६ अक्षरांपेक्षा मोठा. गावाचं नाव, पूर्ण आर्थिक वर्ष आणि चार आकडी क्रमांक रोमन अक्षरांत घातला की नाशिकसाठी १९ अक्षरं होतात. वर्ष '२५-२६' आणि गावाचं नाव तीन अक्षरांत आणलं की १४ मध्ये बसतं. चिन्हांपैकी फक्त आडवी रेघ आणि तिरपी रेघ चालते.

कराचा प्रकार चुकीचा. नाशिकच्या दुकानाने पुण्याला १२,००० चा माल विकला, दर १८ टक्के: सीजीएसटी (केंद्राचा वाटा) १,०८०, एसजीएसटी (राज्याचा वाटा) १,०८०, एकूण १४,१६०. तोच माल पणजीला पाठवला तर आयजीएसटी (राज्याबाहेरच्या विक्रीचा कर) २,१६०. बेरीज तीच येते म्हणून मुलांना फरक किरकोळ वाटतो. पण कर चुकीच्या खात्यात गेला तर तो पुन्हा योग्य खात्यात भरावा लागतो आणि आधी भरलेल्याचा परतावा मागत बसावं लागतं.

जीएसटी क्रमांक आणि पेढीचा प्रकार जुळत नाही. १५ अक्षरांत पहिली दोन राज्याची (महाराष्ट्र २७, गोवा ३०), पुढची दहा पॅन. म्हणजे सहावं अक्षर हे पॅनचं चौथं. तिथे पी असेल तर व्यक्ती, एफ असेल तर भागीदारी, सी असेल तर कंपनी. बीजकावर 'आणि कंपनी, भागीदारी पेढी' छापलंय आणि सहावं अक्षर पी आहे, तर विचारायला हवं.

कंपोझिशन योजनेतल्या (उलाढालीवर ठरावीक कमी दराने कर भरणाऱ्या) दुकानदाराने कर वेगळा दाखवणं. त्याला ग्राहकाकडून कर घेता येत नाही, त्याने कर बीजकाऐवजी पुरवठा बिल द्यायचं असतं. नोंदणीच नसलेल्याने कर लावणं तर उघड बेकायदा.

दर व्हिडिओत बोलू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले आणि त्याआधी केलेले सगळे व्हिडिओ एका दिवसात जुने झाले. दराचा तक्ता वेगळ्या पानावर ठेवा, वर 'अमुक तारखेला तपासला' असं लिहा. तारीख बदलली की पान बदला, व्हिडिओला हात लावावा लागणार नाही.

सरावासाठी खऱ्या दुकानाचा जीएसटी क्रमांक अजिबात वापरू नका. पॅनच्या जागी उघड बनावट अक्षरं टाका.

मुद्देसूद

दौत यांनी दरांबद्दल सांगितलं तेच कलमांना लागू. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता आणि साक्ष्य अधिनियम लागू झाले. फसवणुकीचं ४२० आता ३१८(४) झालं, प्रथम खबर १५४ ऐवजी १७३, इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र ६५-ब ऐवजी ६३. मात्र त्या तारखेआधी घडलेल्या गुन्ह्याला जुनी भारतीय दंड संहिताच लागते. म्हणून जुने क्रमांक पुसून टाकू नका, दोन रकान्यांचा तक्ता द्या आणि प्रश्नात घटनेची तारीख हमखास लिहा. तारीख नसलेला प्रश्न आता अपुरा ठरतो.

भाड्याच्या कराराला ५ तास योग्य आहेत, कारण इथे गैरसमज मुरलेला आहे. '११ महिन्यांचा असला की नोंदणी नको' असं घराघरात मानतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. शुल्काचं उदाहरण द्या: २४ महिने, भाडं ८,०००, परत करायची अनामत ४०,०००. एकूण भाडं १,९२,०००. अनामतीवर वर्षाला १० टक्के म्हणजे दोन वर्षांचे ८,०००. बेरीज २,००,०००, तिच्या ०.२५ टक्के म्हणजे मुद्रांक शुल्क ५०० रुपये. नोंदणी फी वेगळी. मुलं अनामत पूर्ण ४०,००० मिळवतात, तिथेच चुकतात.

मसुद्यात तपासायच्या जागा: अनामत किती दिवसांत परत, त्यातून काय वजा होऊ शकतं, सोडण्याची नोटीस दोन्ही बाजूंना सारखी आहे का, वीजबिल-सोसायटी शुल्क कोणाकडे.

भागीदारीपत्रात मुलांना उलट्या दिशेने न्या. 'करारात काहीच लिहिलं नाही तर काय?' हा पहिला प्रश्न. १९३२ च्या कायद्याचं कलम १३ सांगतं: नफा-तोटा सारखा, कामाचा पगार नाही, आणि ठरलेल्या भांडवलावर दिलेल्या जादा रकमेला ६ टक्के व्याज. एकाने ९ लाख आणि दुसऱ्याने १ लाख घातले तरी नफा निम्मा-निम्मा, हे कळलं की कराराचं प्रत्येक कलम कशासाठी असतं ते आपोआप समजतं. मग कलम ६९: नोंदणी नसलेल्या पेढीला कराराच्या हक्कासाठी बाहेरच्या व्यक्तीवर दावा लावता येत नाही. नोंदणी ऐच्छिक आहे म्हणून मुलं ती वगळतात, आणि उधारी वसुलीच्या वेळी हे कलम आडवं येतं.

नांगरट

ग्राहक तक्रारीवर थोडकं. २०१९ च्या कायद्यात अधिकारक्षेत्र दिलेल्या किमतीवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. जिल्हा आयोग ५० लाखांपर्यंत, राज्य आयोग ५० लाख ते २ कोटी, त्यापुढे राष्ट्रीय. १८,००० चा फोन घेऊन कोणी ६० लाख भरपाई मागितली तरी तक्रार जिल्ह्यातच. १९८६ च्या कायद्यात भरपाई मिळवून मोजायचे, त्यामुळे जुन्या गाइडांत अजून तेच छापलेलं सापडतं. ५ लाखांपर्यंत फी नाही, मुदत २ वर्षं, आणि तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दाखल करता येते. ऑनलाइन दाखल करायचं पोर्टल १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती झालं, व्हिडिओत आधीच्या ई-दाखिल पोर्टलची पडदाचित्रं वापरू नका.

मसुद्याआधी घटनाक्रमाचा तक्ता भरून घ्या: तारीख, काय घडलं, पुरावा कोणता. तिसरा रकाना रिकामा राहिला की ते वाक्य तक्रारीत जोर धरणार नाही हे मुलाला स्वतःलाच दिसतं.

कळफलक

तांत्रिक बाजू. ३६० कागदांचा प्रश्न मूडलमधल्या 'वर्कशॉप'ने सुटतो. प्रत्येक मूल तिघांचे मसुदे तपासतं, आणि त्याला दोन गुण मिळतात, एक स्वतःच्या मसुद्याचा आणि दुसरा त्याने केलेल्या तपासणीचा. दुसऱ्या गुणाला किमान २० टक्के वजन द्या, नाहीतर सगळे सगळ्यांना पैकीच्या पैकी देतात. शिक्षकाने पाचातला एक कागद तपासायचा: ७२ कागद, ८ मिनिटांनी साडेनऊ तासांच्या आसपास. तपासणीचे निकष 'भाषा चांगली आहे का' असे नकोत. 'शब्द १५० च्या आत आहेत का', 'कालावधीच्या दोन्ही तारखा आहेत का' असे हो-नाही प्रश्न, एका कागदाला आठ ते दहा पुरे.

मराठीत प्रश्नपेढी करताना हमखास अडकण्याच्या जागा:

जुन्या टंकात टाइप केलेला मजकूर तसाच चिकटवला की पडद्यावर रोमन अक्षरांचा चिखल होतो. आधी युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि रूपांतरानंतर रफार, पोटफोड्या ष आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. प्रश्न ऐकन (Aiken) किंवा गिफ्ट (GIFT) स्वरूपात फाइलमधून चढवत असाल तर फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करा.

एका शब्दात उत्तर लिहायचे प्रश्न मराठीत टाळा. 'जबाबदाऱ्या'मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो. डोळ्यांना एकच दिसतो, यंत्राला दोन वेगळे शब्द वाटतात आणि बरोबर उत्तर चूक ठरतं. आकड्यांचंही तसंच: मूल देवनागरीत ५०० लिहितं आणि प्रश्नात इंग्रजी आकडा (500) ठेवलेला असतो. उत्तरात दोन्ही रूपं भरा किंवा पर्याय द्या.

व्हिडिओबरोबर नुसता आवाजही ठेवा. ३२ केबीपीएस मोनोमध्ये ८ मिनिटांची फाइल जेमतेम २ एमबीची होते. महिनाअखेर डेटा संपलेला असतो तेव्हा मुलं तीच उघडतात.

खतावणी

मंडळी, फार मोलाचं दिलंत. दोन प्रश्न उरले. एआयकडून लिहून आणलेला मसुदा ओळखायचा कसा? आणि हे सगळं 'स्वयं' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवरच्या तयार अभ्यासक्रमांनी होणार नाही का?

मुद्देसूद

ओळखत बसू नका, प्रत्येकाला वेगळी माहिती द्या. मूडलमध्ये ६० ओळींचा तक्ता: कार्यालय, गाव, तारीख, रक्कम वेगवेगळी. एआयचे मसुदे साधारण तीन ठिकाणी पडतात: १५० ची मर्यादा ओलांडतात, केंद्राचा नमुना वापरतात, आणि कलमांचे क्रमांक ठोकून देतात. तुमच्या हो-नाही निकषांत हे तिन्ही सापडतं. वर तीन मिनिटांची तोंडी: 'या अर्जातलं एक वाक्य काढायचं तर कोणतं काढशील?' स्वतः लिहिलेल्याला उत्तर लगेच सुचतं.

दौत

स्वयंचा उपयोग पायाभूत ज्ञानासाठी करा. २०२१ च्या यूजीसी विनियमांनुसार एका सत्रात ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक तिथून घेता येतात. पण परीक्षेची नोंदणी आणि शुल्क वेगळं असतं. मुलं व्हिडिओ पाहतात, असाइनमेंट भरतात आणि परीक्षेच्या नोंदणीची तारीख हुकवतात. घेणार असाल तर ती तारीख कॅलेंडरवर पहिल्या दिवशी टाका. राज्याचे नियम, मुद्रांक शुल्क, मराठी मसुदा हे मात्र तुम्हालाच करावं लागेल.

माडाबन

गोव्यातून लिहितोय. हा आराखडा इकडे वापरायचा तर भाड्याचा घटक काढून मालमत्तेचा घाला. गोव्याच्या नागरी कायद्यात विवाहाआधी वेगळा करार केला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक असते, आणि स्थावर विकताना जोडीदाराची संमती लागते. महाराष्ट्रातून गोव्यात जागा घेणाऱ्यांच्या मसुद्यात विक्रेत्याच्या पत्नीचं नाव नसतं, हीच पहिली चूक.

नांगरट

एक राहिलं. मुलं पुरावा म्हणून स्वतःचं आधार, पॅन, घरच्यांचं वीजबिल चढवतात. मग ते वर्कशॉपमधून तीन अनोळखी वर्गमित्रांपुढे उघडतं. पहिल्या सूचनेतच लिहा की क्रमांक झाकलेलेच हवेत, आणि उघडा कागद आला तर तपासणीचा टप्पा सुरू होण्याआधी परत पाठवा. तो टप्पा एकदा सुरू झाला की फाइल इतरांनी उतरवून घेतलेली असते.